वर्गातला व्हिडिओ आणि मुलांचा प्रश्न



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्या काळात शाळेत मुलांना दाखवायला तीन वस्तू असत: भिंतीवरचा नकाशा, पृथ्वीचा गोल आणि फळा. आज गोंदिया जिल्ह्यातल्या बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत फळ्याशेजारी टीव्हीचा पडदा आहे, आणि तो नसेल तिथे शिक्षकाच्या खिशातला मोबाइल आहे. म्हणून आयोजकांनी यंदा वर्गातला व्हिडिओ हा विषय सुचवला तेव्हा मी लगेच होकार दिला. मला आज एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. वर्गात दाखवलेल्या व्हिडिओचं मोल तो कुठे थांबवला यावर ठरतं. थांबवण्याचा अधिकार शिक्षकाचा असावा, आणि थांबवण्याचं कारण मुलाने द्यावं.

चित्रफितीने शाळा बदलेल, ही आशा यूट्यूबपेक्षा फार जुनी आहे. अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी 1913 मध्येच भाकीत केलं होतं की लवकरच पाठ्यपुस्तकांची जागा चलच्चित्रं घेतील आणि दहा वर्षांत शाळेचं रूप पालटेल. तसं झालं नाही. आपल्या देशातला सर्वांत मोठा प्रयोग तर आपल्या शेजारीच झाला. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात ‘साइट’ या नावाने उपग्रहावरून शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग चालला. उपग्रह अमेरिकेचा होता, कार्यक्रम आपले होते. सहा राज्यांतली सुमारे 2,400 गावं त्यासाठी निवडली होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण गोंदियाहून रेल्वेने तीनेक तासांवर असलेल्या रायपूरच्या भागातली गावं होती. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती-आरोग्याचे कार्यक्रम लागत. जिथे वर्तमानपत्रही पोचत नव्हतं, तिथे जाळीचा मोठा अँटेना आकाशाकडे तोंड करून उभा राहिला. ठरलेलं वर्ष संपलं आणि उपग्रह परत नेला गेला.

या प्रयोगामागे अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे तेव्हाचे संचालक प्रा. यश पाल होते. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने 1993 मध्ये ‘ओझ्याविना शिक्षण’ हा अहवाल दिला. आणि घराघरांत ते ओळखीचे झाले ते ‘टर्निंग पॉइंट’ या दूरदर्शनवरच्या विज्ञान कार्यक्रमातून, प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देताना. मला हा प्रवास फार बोलका वाटतो. ज्या माणसाने हजारो गावांपर्यंत पडदा नेला, त्याने नंतर त्याच पडद्यावर लोकांच्या प्रश्नाला मानाचं स्थान दिलं.

आपल्या राज्यात 1984 मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या श्रोत्यांना दूरदर्शनवरचे तिचे कार्यक्रम आठवत असतील. मराठीत, मुलांसाठी, पाठ्यक्रमाला धरून चित्रफिती तयार करणारी ती सरकारी संस्था होती. 2017 मध्ये ती बंद करण्यात आली. मला हा निर्णय चुकीचा वाटतो आणि मी ते इथे स्पष्टपणे सांगतो. नेमकी ज्या काळात गावोगावच्या शाळांत पडदे लागत होते, स्वस्त इंटरनेट हाती येत होतं, त्याच काळात मराठी मुलांसाठी चित्रफिती करण्याचा तीन दशकांहून अधिक काळाचा सराव आपण मोडीत काढला. ई-बालभारतीने पुढे काम उचललं, ‘दीक्षा’ हे व्यासपीठही त्याच वर्षी 5 सप्टेंबरला आलं. तरी अनुभवी माणसांचा संच विखुरला की तो पुन्हा जमवायला वर्षं लागतात.

शाळांत पडदे आले कसे, तेही पाहू. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर डिजिटल शाळांची लाट आली. त्याआधीच ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाडा या छोट्याशा शाळेचं नाव डिजिटल शाळा म्हणून राज्यभर झालेलं होतं. गावोगावच्या शिक्षकांनी वर्गणी जमवली, स्वतःच्या पगारातून पैसे घातले, माजी विद्यार्थ्यांना गाठलं. पुढच्या वर्षी जिओ आलं आणि मोबाइल डेटा एकदम स्वस्त झाला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याचं काम केलं. 2020 चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांना मिळाला, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आज बालभारतीच्या पुस्तकावरचा चौकोन मोबाइलने टिपला की धड्याशी जोडलेलं साहित्य उघडतं. म्हणजे साधन आलं, ते शिक्षकांच्याच धडपडीतून आलं. आता ते तासात कसं वापरायचं, याकडे वळतो.

सालेकसा तालुक्यातल्या एका शाळेत मी पाहिलेला एक तास तुमच्यासमोर ठेवतो. जुलै महिना होता. वर्ग पाचवी-सहावीचा एकत्र. विषय बियांचं अंकुरण. मॅडमनी चार मिनिटांचा व्हिडिओ लावला. काचेच्या पेल्यात राजम्याचं बी, खाली मूळ सुटतं, मग वाकलेली मान वर येते, बियाच्या दोन डाळी मातीबाहेर निघतात, उघडतात आणि मधून पानं फुटतात. कितीतरी दिवसांचं काम काही सेकंदांत दिसत होतं आणि मुलं थक्क होऊन पाहत होती. एवढ्यात मागच्या रांगेतला एक मुलगा उठून म्हणाला, “मॅडम, धान तर असा नाही निंघत. त्याची तर एकच सुई येते.”

मॅडमनी व्हिडिओ तिथेच थांबवला. “बाकीच्यांना काय वाटतं?” असं विचारलं. वर्गात दोन तट पडले. एकजण म्हणाला, बी म्हटलं की दोन पानं यायचीच, आताच तर दाखवलं. एक मुलगी म्हणाली, आमच्या बांधीत पऱ्हे टाकले आहेत, मी रोज पाहते, दाणा वर येतच नाही, तो खालीच राहतो. मॅडमनी उत्तर सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी धान, मका, हरभरा, वाल आणि जो मिळेल तो दाणा आणायला सांगितलं. ओल्या गोणपाटात आणि मातीच्या कुल्हडांत बिया पेरल्या. रोज सकाळी परिपाठानंतर मुलं चित्र काढून नोंद करत. वालाच्या डाळी मातीवर आल्या. हरभऱ्याच्या दोन डाळी खालीच राहिल्या आणि फक्त कोंब वर आला. धानाची आणि मक्याची टोकदार सुई निघाली. म्हणजे मूळ वादापेक्षाही गोष्ट पुढे गेली: दोन डाळी असलेलं प्रत्येक बी आपल्या डाळी वर काढतंच असं नाही, हे मुलांनी स्वतः शोधलं. त्यानंतर मॅडमनी उरलेला व्हिडिओ दाखवला. आता मुलं तो पाहताना बोलत होती, बोट दाखवत होती, आपल्या वहीतल्या चित्राशी ताडून पाहत होती.

एकदल आणि द्विदल हे शब्द शेवटी आले, आणि आले तेव्हा त्यांना चिकटायला मुलांकडे काहीतरी होतं. व्हिडिओ सलग चालला असता तर त्या मुलाने घरच्या शेतात पाहिलेलं खरं ज्ञान पडद्यापुढे खोटं ठरलं असतं, आणि कदाचित तो पुन्हा बोललाही नसता. शेतकऱ्याच्या मुलाने वर्गात गप्प बसायला शिकावं, याहून मोठं नुकसान मला दिसत नाही.

संशोधनही याच दिशेने बोट दाखवतं. 2014 मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षण व्यासपीठावर व्हिडिओ पाहिले गेल्याच्या सुमारे 69 लाख नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, पाहणारे साधारणपणे सहा मिनिटांच्या आतच पाहणं सोडतात, असं त्यात आढळलं. आणि हे पाहणारे बहुतेक मोठी, स्वेच्छेने शिकायला आलेली माणसं होती. आपली मुलं दहा वर्षांची आहेत. या अभ्यासाच्या आदल्या वर्षी हार्वर्डच्या संशोधकांनी एकवीस मिनिटांचं व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं. प्रत्येक तुकड्यानंतर ज्यांना छोटे प्रश्न विचारले, त्यांचं मन भरकटण्याचं प्रमाण इतरांच्या निम्म्याच्या आसपास आलं, त्यांनी टिपणं जास्त काढली आणि शेवटच्या चाचणीत ते पुढे राहिले. थांबा आणि विचारा: अनुभवी शिक्षक फळ्यासमोर हेच करत आला आहे. पडदा आल्यावर ती सवय सोडायचं कारण नाही.

आता काय दाखवावं? माझं मत असं की जे दारात आहे ते पडद्यावर दाखवू नये. आपल्या जिल्ह्यात रोवणी, तलाव, मोहफूल, मुंग्यांची वारुळं, सारस पक्षी आहेत. त्यासाठी वर्गाबाहेर पडावं. पडदा राखून ठेवावा तो जे इथे दिसूच शकत नाही त्यासाठी. विदर्भ एक्स्प्रेस रोज गोंदियाहून निघते आणि दुसऱ्या सकाळी मुंबईला पोचते, पण समुद्र पाहिलेलं मूल आपल्या वर्गात क्वचितच सापडतं. भरती-ओहोटीचा धडा शब्दांनी किती शिकवणार? तिथे व्हिडिओ हवाच. पानाच्या खालच्या बाजूची पर्णरंध्रं, हिमनदी, ज्वालामुखी, धडधडणारं हृदय, हे दाखवण्याची सोय याआधी आपल्याकडे नव्हती.

मात्र दाखवताना दोन गोष्टी प्रत्येक वेळी बोलून घ्याव्यात. एक, वेळ. ओहोटी लागायला सुमारे सहा तास जातात आणि व्हिडिओत ते अर्ध्या मिनिटात उरकतं. “हे खरोखर किती वेळात झालं असेल?” असं विचारलं नाही तर मूल समजतं की समुद्र धावत सुटतो. दुसरी, आकार. पडद्यावर अमीबा ताटाएवढा दिसतो. तो केवढा असतो हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. एका शाळेत मी मुलांना अमीबाचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा एकीने त्याला तळ्यात पोहणारा, माशाच्या बरोबरीचा दाखवला होता. चित्र सुंदर होतं, आणि त्यातून पुढच्या तासाला काय शिकवायचं हेही कळलं.

व्हिडिओ कसा असावा याचा नमुना हवा असेल तर अरविंद गुप्ता यांचं काम पाहा. 1972 मध्ये होशंगाबादला सुरू झालेल्या विज्ञान शिक्षणाच्या उपक्रमातून त्यांची वाट सुरू झाली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन त्यांनी भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी टाकाऊतून खेळणी करण्याच्या कितीतरी चित्रफिती केल्या, त्यांतल्या अनेक मराठीत आहेत. एक-दोन मिनिटांत व्हिडिओ संपतो. पाहणाऱ्याचे हात शिवशिवू लागतात. स्ट्रॉ, आगपेटी, जुना पेन शोधायला मुलं पळतात. आणि हे सगळं त्यांनी सर्वांसाठी मोफत खुलं ठेवलं आहे. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या जिल्ह्याचा खास प्रश्न. तिरोडा, गोरेगाव, आमगावकडे घरात पोवारी बोलतात. सालेकसा, देवरीकडे गोंडी, हलबी, छत्तीसगढी कानावर पडते. अर्जुनी मोरगावकडे झाडीबोली. गोंदिया शहरात हिंदी. पहिली-दुसरीच्या मुलाला पुण्यात ध्वनिमुद्रित झालेलं वेगवान निवेदन ऐकवलं तर चित्र त्याच्याशी बोलतं आणि आवाज त्याच्यावरून निघून जातो. यावर उपाय साधा आणि बिनखर्चाचा आहे. आवाज बंद करा आणि तुम्ही बोला. मुलांच्या बोलीत बोला, मग हळूहळू पुस्तकाच्या मराठीत या. ज्या शिक्षकाची बदली दुसऱ्या भागातून झाली आहे आणि ज्याला गोंडी येत नाही, त्याने वर्गातल्याच मोठ्या मुलीला निवेदन करायला सांगावं. मी हे होताना पाहिलं आहे. ती मुलगी अशी बोलते की छोटी मुलं पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त पाहतात.

द्विशिक्षकी शाळांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. दोन शिक्षक, पाच वर्ग, त्यात एकजण माहिती भरण्यात किंवा बैठकीत अडकलेला. अशा वेळी एका वर्गाला व्हिडिओ लावून देऊन दुसऱ्या वर्गाला गणित शिकवावं लागतं. त्यावर टीका करणं सोपं आहे, मी ती करणार नाही. एवढंच सुचवतो की व्हिडिओ सुरू करण्याआधी फळ्यावर दोन प्रश्न लिहा, मुलांचे तीन-तीनचे गट करा आणि एका मुलाला थांबवण्याचं बटण द्या. “ज्याला कळलं नाही त्याने हात वर करायचा, हात वर झाला की याने थांबवायचं,” एवढा नियम पुरतो. मुलं तो मोठ्या माणसांपेक्षा काटेकोरपणे पाळतात.

करोनाच्या काळात आपण शाळेशिवाय व्हिडिओ कसा चालतो याचा पुरता अनुभव घेतला. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमातून रोज अभ्यास मोबाइलवर येत होता. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ मालिका लागली, पहिली ते आठवीसाठी 480 भाग. घरात आणि परिसरात मुलांनी करून पाहायच्या गोष्टींवर तिचा भर होता, आणि त्या दिवसांत झालेल्या कामांपैकी मी तिला वरचं स्थान देतो. पण जुलै म्हणजे आपल्याकडे रोवणीचे दिवस. आई-बाबा बांधीत, घरातला एकुलता मोबाइल बाबांच्या खिशात, आणि देवरी-सालेकसाच्या जंगलातल्या टोल्यांवर नेटवर्कचा पत्ता नाही. व्हिडिओ होता, शेजारी बसून “हे असं का झालं?” असं विचारणारं माणूस नव्हतं.

तेव्हापासून घरोघरी मोबाइल वाढले. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या दहांपैकी आठ मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलं असं 57 टक्के मुलांनी सांगितलं, समाजमाध्यमं वापरली असं 76 टक्क्यांनी. म्हणजे मूल पडदा पाहणारच आहे. तो कसा पाहायचा, कशावर विश्वास ठेवायचा, कुठे शंका घ्यायची, हे त्याला शिकवणारी जागा शाळा आहे. धानाबद्दल शंका घेणारा तो मुलगा उद्या मोबाइलवरच्या खोट्या दाव्यावरही शंका घेईल, अशी मला खात्री वाटते.

पालकांना इथे एक सांगतो. तुमचा मुलगा घरी येऊन “आज सरांनी व्हिडिओ दाखवला” म्हणाला, तर “काय दाखवलं?” याच्या पुढे जाऊन “मग तुम्ही काय विचारलं?” असंही विचारा.

पडदा दुसऱ्या दिशेनेही वापरता येतो. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले असे माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारोंनी आहेत. त्यांची पार कशी रचली, तुडुमातून पाणी बांध्यांत कसं सोडतात, वाटप कोण ठरवतं, हे जाणणारी माणसं आता म्हातारी झाली आहेत. राज्यात सारस पक्षी मोजकेच उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक आपल्या धानशेतीत घरटी करतात. घरटं दिसलं तर शेतकरी कापणी कशी करतो, हे आपल्या मुलांनी त्याला विचारावं आणि मोबाइलवर टिपावं, अर्थात पक्ष्यापासून दूर राहून. तीन मिनिटांचा व्हिडिओ, निवेदन मुलांच्याच बोलीत. कोकणातल्या एखाद्या शाळेने आपली भरती-ओहोटी टिपून आपल्याला पाठवावी, आपण त्यांना तलाव आणि सारस पाठवावा. सिंधुदुर्गातल्या मुलांना आपला तलाव तेवढाच नवा आहे.

शेवटी काही नेमक्या विनंत्या करतो.

शिक्षकांनो, केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत प्रत्येकाने एक व्हिडिओ घेऊन या. तो किती मिनिटांचा, तुम्ही तो कुठे थांबवला आणि मुलांनी कोणता प्रश्न विचारला, एवढं एका वहीत लिहा. वर्षभरात ती वही आपल्या केंद्राचं मोठं धन होईल, आणि नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकाला पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल. व्हिडिओ आधी स्वतः पूर्ण पाहा. ‘दीक्षा’वरचं साहित्य नेटवर्क असेल तिथे उतरवून ठेवा, म्हणजे वर्गात जाहिराती आणि भलतेसलते व्हिडिओ मुलांसमोर येणार नाहीत.

अधिकाऱ्यांनो, शाळेला भेट द्याल तेव्हा टीव्ही सुरू आहे की नाही हे पाहूनच परत जाऊ नका. दहा मिनिटं मागे बसा आणि मुलं बोलतात का ते ऐका.

आणि शाळेला टीव्ही भेट देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना, राइस मिलच्या मालकांना, गावातल्या दानशूर मंडळींना हात जोडून सांगतो: बिल थकल्याने वीज तोडलेल्या शाळा राज्यात आहेत, आणि तिथे तुमचा टीव्ही कपड्याने झाकून ठेवलेला आहे. यापुढे टीव्ही द्याल तेव्हा त्यासोबत दोन वर्षांचं वीजबिल भरण्याचीही जबाबदारी घ्या.